घरटं एकोणचाळीस

बांबूच्या टोकाला बांधलेला कॅमेरा
होल्गर वर सरकवतो,
मी खाली पडद्याकडे बघत सांगते,
थोडं डावीकडे. अजून. थांब.
शेवाळाच्या भोकातून आत
तीन चोची, मिटलेल्या.
काल उघड्या होत्या.

वहीत लिहिते: एकोणचाळीस, दिवस सहावा, तिन्ही मृत.
पावसात वापरायची वही आहे,
भिजली तरी अक्षर फुटत नाही.

मग घरटं उतरवून पांढऱ्या ट्रेमध्ये
चिमट्याने उसवायचं, काडी काडी.
तळाला अळ्या. दिवसा झोपतात,
रात्री वर येऊन पिलांच्या नाकपुड्यांत शिरतात.
मी मोजल्या त्रेपन्न.
होल्गरने पुन्हा मोजल्या, चोपन्न.
चोपन्न लिहिलं.

मोठी झाली की ही माशी शाकाहारी होते.
पिकल्या पपईवर भागतं तिचं,
बाळपणीच तेवढी रक्तावर जगते.
या फ्लोरियानावर कधी आली, कशी आली,
ग्वायाकिलच्या बोटीतून, फळांच्या खोक्यातून,
नक्की कुणालाच ठाऊक नाही.
धक्क्यावर तिला कुणी विचारलं नाही
कुठली तू, कुणाकडे निघालीस.
माझ्या आजोबांनाही विचारलं नव्हतं.
तेही तिथेच उतरले,
एक गाढव, दोन डुकरं, ओल्या गोणपाटात पेरूची रोपं,
एक उशी,
आणि पोटुशी बायको.
डुकरांनी कासवांची अंडी उकरली.
पेरूने डोंगर गिळला.
बेटाने कधी हिशेब मांडलाच
तर माशी आणि मी एकाच पानावर येऊ,
फार तर दोन ओळींचं अंतर.

आई धक्क्याजवळ फळं विकते.
तपासनीस तिची खोकी उघडतो, हुंगतो, बाजूला ठेवतो.
"तुझ्या चिमण्यांपायी
माझे अननस दोन दिवस कोठडीत!"
चिमण्या नव्हेत आई, फिंच.
"भुऱ्या, मूठभर, दिवसभर टिपत हिंडणाऱ्या.
मग काय गरुड म्हणू?"

औषधात भिजवलेला कापूस
तारेच्या पिंजऱ्यात भरून फांदीला टांगायचा.
पक्ष्याने आपणहून न्यावा, घरात अंथरावा,
अळ्या मराव्यात, पिलं जगावीत.
युक्ती एवढीच.
नर येतो. मान वाकडी करून बघतो.
शेजारचं शेवाळ उचलून निघून जातो.
आम्ही चिखलात बसून मनातल्या मनात
पंगतीतल्या यजमानासारखे,
घ्या ना, थोडा तरी घ्या.

मार्चमध्ये कापूस संपला,
आणि बोटीचं इंजिन त्याच आठवड्यात बसलं.
दवाखान्यातल्या नार्सिसाने दोन गुंडाळ्या दिल्या,
वर म्हणाली, कुणी जखमी झालं तर तुला बोलावीन.

रात्री घरी आले तर आई
दिव्याखाली आजोबांची उशी उसवत बसलेली.
"सावरीचा आहे. तिकडचा, त्यांच्या गावच्या झाडाचा.
गाठी झाल्यात, पिंजून घे."
चिमण्यांचं नाव नाही काढलं.
उशीला अजून त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता.
तो औषधात जाईल का,
आणि पक्ष्यांना चालेल का,
असलं काही मी होल्गरला विचारलं नाही.

जूनमध्ये रिकामी घरटी उतरवली.
त्रेसष्ट: कडेने पिवळट सावर, नीट विणलेली,
तीत माझा एक लांब केस.
अळ्या दोन, वाळलेल्या.
पिलं उडाली असावीत. उडताना कुणी पाहिली नाहीत.
चौसष्ट: सावर होती इथेही.
तरी एकतीस अळ्या, आणि एक पंख,
नखाएवढा.

आईने विचारलं, किती?
एक, म्हटलं. बहुतेक एक.
ती काहीच बोलली नाही, अननसाचे डोळे काढत राहिली.

हल्ली ती उशाला घडी केलेली शाल घेते.
उरलेली अर्धी उशी
दाराआड खिळ्याला, पिशवीत,
वर कोळशाने लिहिलंय
फेब्रुवारी.